'इस्कूल' म्हणणाऱ्या लेकरांचा प्रबंध

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली, मंडळी चपला शोधू लागली, तेवढ्यात एक मुलगी वही छातीशी धरून आमच्यासमोर उभी राहिली. "जय भीम सर. पाच मिनिटं विचारायचं होतं." मुलगी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय उपयोजित भाषाविज्ञान आणि भाषाध्यापन. नाव जड आहे, अर्थ साधा आहे. माणूस भाषा कशी शिकतो, ती त्याला कशी शिकवावी, तो कुठे अडतो आणि का अडतो, याचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे हा विषय. वर्षाअखेर तिला लघुशोधप्रबंध द्यायचा आहे. मार्गदर्शकांनी चार विषयांची यादी दिली आहे. त्यातला एकही तिच्या मनाला भिडत नाही.

"मग तुझ्या मनात काय आहे?" आम्ही विचारले. ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, "सर, तिसरीत असताना मी 'इस्कूल' म्हणायचे. बाईंनी मला वर्गापुढे उभं करून दहा वेळा 'स्कूल' म्हणायला लावलं. पोरं हसली. बाई म्हणाल्या, यांची मराठीच अशुद्ध, यांना इंग्रजी काय येणार? आता मी वस्तीतल्या पोरांची शिकवणी घेते. तीही 'इस्कूल'च म्हणतात. आणि त्यांनाही कुणीतरी तेच वाक्य ऐकवतं. यावर प्रबंध होतो का?"

होतो. आम्ही तर म्हणतो, यावरच व्हायला पाहिजे. आजचा लेख त्या मुलीसाठी आहे आणि तिच्यासारख्या शेकडो मुलामुलींसाठी आहे, जी विद्यापीठाच्या दारातून आत गेली, पण आपली वस्ती बाहेर ठेवून आत जावे लागते असे ज्यांना वाटते.

'इस्कूल' काय म्हणते?

आधी त्या बाईंचे वाक्य तपासू. 'इस्कूल' म्हणणे हा अडाणीपणा आहे काय? भाषाविज्ञान सांगते की शब्दाच्या सुरुवातीला 'स'ला दुसरे व्यंजन चिकटून आले की जगातल्या अनेक भाषांतली माणसे त्याच्याआधी एक स्वर घेतात. याला आदिस्वरागम म्हणतात. लॅटिनमध्ये शाळेला 'स्कोला' म्हणत. त्या शब्दाची स्पॅनिशमध्ये 'एस्क्वेला' झाली, पोर्तुगीजमध्ये 'एस्कोला' झाली. स्पेनचा राजाही 'एस्क्वेला'च म्हणतो. त्याला कोणी वर्गापुढे उभे करत नाही.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. संस्कृतातल्या 'स्त्री'ला पालीत 'इत्थी' म्हणतात. तोच 'इ', तीच जागा. ज्या भाषेत तथागतांची वचने जपली गेली, तिनेही हेच केले. मग वस्तीतल्या पोराच्या 'इस्कूल', 'इस्टेशन', 'इस्टूल'मध्ये अशुद्ध ते काय राहिले?

'पाणी' आणि 'पानी'चेही तसेच आहे. 'ण'च्या जागी 'न' आला की भल्याभल्यांच्या कपाळाला आठी पडते. परंतु मूळ संस्कृत शब्द 'पानीय' आहे, पालीतही 'पानीय' आहे. त्यात 'न'च आहे. महाराष्ट्री प्राकृतात त्याचा 'ण' झाला आणि तोच पुढे मराठीत प्रमाण ठरला. म्हणजे संस्कृताला शुद्धतेचे माप मानायचे, तर 'पानी' म्हणणारी आमची आजी 'पाणी' म्हणणाऱ्या शास्त्रीबुवांपेक्षा शुद्ध ठरते! प्रश्न ध्वनीचा नाहीच. प्रश्न बोलणारा कोण, हा आहे. शांताबाई कांबळे यांनी आपल्या आत्मकथनाच्या नावातच 'जल्म' हा शब्द ठेवला. 'न' आणि 'म' पाठोपाठ आले की उच्चार सोपा करण्यासाठी एकाचा 'ल' होतो, याला नियम आहे. पण शाळेच्या वहीत 'जल्म' लिहिला की त्यावर लाल रेघ ओढली जाते.

'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्द व्याकरणात कुठून आले, याचा आपण कधी विचार केला आहे काय? पाणवठ्यावर, देवळात आणि स्वयंपाकघरात ज्या शब्दांनी माणसांची वाटणी केली, त्याच शब्दांनी जिभेचीही वाटणी केली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून निघालेल्या निबंधमालेत जोतिरावांच्या व्याकरणाची टर उडवली. शूद्रातिशूद्रांच्या गुलामीचा प्रश्न समोर आला की चर्चा ऱ्हस्व-दीर्घावर नेऊन ठेवायची, ही युक्ती दीडशे वर्षे जुनी आहे.

भाषेवरून झालेला जुना निर्णय

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भिक्खू तथागतांकडे आले. संघात नाना कुळांतून, नाना प्रांतांतून लोक आले आहेत आणि ते आपापल्या बोलीत बोलून बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा ते छंदस् भाषेत बसवू या, अशी त्यांची सूचना होती. भगवंतांनी ती फेटाळली आणि स्वतःच्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. 'स्वतःच्या' म्हणजे नेमके कोणाच्या, यावर पंडितांमध्ये वाद आहे. शिकणाऱ्याच्या आपल्या भाषेत, असा अर्थ अनेक अभ्यासक करतात. काही असो, बोलीमुळे ज्ञान विटाळते हा युक्तिवाद तेव्हाही मांडला गेला होता आणि तेव्हाच तो नाकारला गेला होता.

याचे शास्त्र मात्र विसाव्या शतकात उभे राहिले, आणि त्याला निमित्त झाले अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची मुले. ती शाळेत मागे का पडतात, या प्रश्नाला १९६०च्या दशकात अनेक तज्ज्ञ उत्तर देत होते की त्यांना भाषाच नीट येत नाही, घरात त्यांच्याशी कोणी धड बोलत नाही. विल्यम लबॉव्ह हे भाषावैज्ञानिक न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत जाऊन काम करत होते. त्यांनी १९६९ साली दाखवून दिले की या मुलांची इंग्रजी मोडकी नाही. तिला तिचे नियम आहेत आणि त्या नियमांनी ती मुले अगदी तर्कशुद्ध बोलतात.

लबॉव्हच्या लेखातला एक प्रसंग आमच्या प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा. आठ वर्षांचा एक मुलगा. प्रश्न विचारणारा माणूस स्वतः कृष्णवर्णीय, हार्लेममध्येच वाढलेला. तरी पोरगा एका शब्दापलीकडे बोलेना. पुढच्या खेपेला त्या माणसाने बटाट्याच्या वेफर्सची पिशवी आणली, मुलाच्या जिवलग मित्राला सोबत बसवले, स्वतः खाली जमिनीवर बसला आणि पोरे आपसात बोलतात तसे बोलू लागला. मग काय, दोघे पोरगे एकमेकांना बोलू देईनात! मुलगा तोच, जीभही तीच. फक्त समोरचा 'साहेब' खाली उतरला होता.

यात आपल्यासाठी धडा आहे. आपण त्याच समाजाचे आहोत एवढ्याने भागत नाही. हातात प्रश्नावली, खिशाला पेन आणि बसायला खुर्ची मिळाली की आपणही साहेबच होतो. वस्तीतले पोर आपल्यालाही 'हो' आणि 'नाही' एवढेच सांगेल.

हे संशोधन ग्रंथालयात पडून राहिले नाही. मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे कृष्णवर्णीय मुलांच्या पालकांनी शाळेच्या व्यवस्थापनाविरुद्ध दावा लावला. आमच्या मुलांच्या घरच्या भाषेची दखलच न घेतल्याने ती वाचायला शिकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. भाषावैज्ञानिक साक्षीला उभे राहिले. १९७९ साली न्यायालयाने आदेश दिला की शिक्षकांना या मुलांची घरची भाषा ओळखायला शिकवावे आणि त्या ज्ञानाचा उपयोग प्रमाण इंग्रजीचे वाचन शिकवताना करावा. संशोधन न्यायालयात उभे राहू शकते ते असे. दलित पँथरने १९७२ साली नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्यांचे भाषेचे शास्त्र घ्यायचे मात्र आपल्याकडून राहून गेले.

आपल्या देशातही असे काम झाले आहे. जॉन गम्पर्झ यांनी उत्तर प्रदेशातील खालापूर या गावाचा अभ्यास १९५८ साली प्रसिद्ध केला. अस्पृश्य मानलेल्या जातींची बोली बाकी गावापेक्षा वेगळी असल्याचे त्यांना आढळले. वास्तविक ही माणसे रोज इतरांच्या शेतात, दारात कामाला जात होती. मग बोली वेगळी का राहिली? कारण कामापुरता संबंध होता, मैत्रीचा नव्हता. एकत्र खेळणे, बसणे, मनमोकळे बोलणे नव्हते. अस्पृश्यता जिभेवरसुद्धा नोंदली जाते, याचा हा पुरावा आहे. मात्र हा प्रश्न विचारायला परदेशी अभ्यासक यावा लागला. आपल्या गावाचा, आपल्या वस्तीचा असा अभ्यास आपल्या मुलांनी कधी करायचा?

चूक म्हणजे पुरावा

या विषयात आणखी एक विचार आहे. एडिंबरोचे पिट कॉर्डर यांनी १९६७ साली शिकणाऱ्यांच्या चुकांवर एक निबंध लिहिला. तोवर चूक म्हणजे तण, दिसला की उपटायचा, अशी समजूत होती. कॉर्डर म्हणाले, चूक हा पुरावा आहे. शिकणाऱ्याच्या डोक्यात भाषेची कोणती रचना तयार होत आहे, ते चुकीतून दिसते. लहान मूल 'केलं' न म्हणता 'करलं' म्हणते. ते त्याने कोणाकडून ऐकलेले नसते. 'धरलं', 'भरलं' ऐकून त्याने स्वतः नियम शोधलेला असतो! इंग्रजी शिकणारे पोर 'वॉक'चे 'वॉक्ड' पाहून 'गो'चे 'गोएड' करते, तेव्हा तेही नियमच लावत असते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येऊ. बाईंचे म्हणणे असे की मराठी अशुद्ध, म्हणून इंग्रजी येणार नाही. हे मत झाले. प्रबंधात त्याचा प्रश्न करायचा असतो आणि तो तपासता येतो. समजा तिने सातवीतल्या मुलांचे इंग्रजी निबंध गोळा केले. तीस मुले वस्तीतली, तीस प्रमाण मराठी बोलणाऱ्या घरांतली. सगळ्यांना एकच विषय, एकच वेळ. मग प्रत्येक चूक उतरवून घ्यायची आणि तिची वर्गवारी करायची. मुलगा 'आय ॲम बॉय' लिहितो आणि 'अ' गाळतो, कारण मराठीत 'अ' आणि 'द'सारखी उपपदेच नाहीत. पण ती 'पानी' म्हणणाऱ्याच्या मराठीत नाहीत, तशी 'पाणी' म्हणणाऱ्याच्या मराठीतही नाहीत. मग ही चूक दोन्हीकडे सारखी दिसायला हवी. दिसते काय? दोन्हीकडच्या चुकांचा प्रकार एकच निघाला, तर बोलीमुळे इंग्रजी अडते हे म्हणणे टिकत नाही. प्रकार एक पण संख्या वेगळी निघाली, तर कारण जिभेत शोधायचे नाही. घरात पुस्तक किती, शिकवणी कोणाला, वर्गात कोणाला किती वेळा बोलायला मिळते, इथे शोधायचे. त्यासाठी वर्गात आठ-दहा तास बसून बाई कोणाला प्रश्न विचारतात आणि कोणाला टाळतात, याची नोंद ठेवायची. झाला प्रबंध!

आणि उलटे निघाले तर? एखादी चूक खरोखर बोलीतूनच येत आहे असे दिसले तर? तेही लिहायचे. ती चूक कशी दूर होईल, ते शिक्षकाला कळेल. निष्कर्ष आधी ठरवून पुरावा मागाहून जमवणे हे पोथीवाल्यांचे काम आहे. कालामांना तथागतांनी सांगितले ते हेच, की परंपरेत आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून मानू नका. ते आपल्या लाडक्या मतांनाही लागू आहे.

बोली हवी, प्रमाणभाषाही हवी

इथे एक इशारा दिला पाहिजे. बोलीचा सन्मान याचा अर्थ प्रमाणभाषेला सुट्टी असा नव्हे. काही मंडळींना आपली बोली फार गोड वाटते. ते व्यासपीठावर तिचे कौतुक करतात आणि आपली मुले मात्र इंग्रजी शाळेत घालतात. आपल्या पोरांनी बोलीतच राहावे, ही सूचना कोणी प्रेमाने केली तरी सापळाच आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ लिसा डेल्पिट यांनी १९८८ साली हेच ठणकावून सांगितले. सत्तेच्या भाषेचे नियम ज्यांच्या घरात नाहीत, त्यांना ते उघडपणे शिकवले पाहिजेत, नाहीतर दार बंदच राहते.

बाबासाहेबांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. ते रडत बसले नाहीत. इंग्रजीवर त्यांनी असे प्रभुत्व मिळवले की राज्यघटनेच्या मसुद्यातले शब्द तोलून घ्यायला देश त्यांच्याकडे पाहू लागला. संस्कृतही पुढे स्वतःच्या कष्टाने शिकले. आणि १९२० साली 'मूकनायक' काढला तो मराठीत. पालीचे व्याकरण आणि शब्दकोश त्यांनी तयार केला, तो महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापला आहे. एक भाषा शिकताना दुसरीची लाज त्यांनी बाळगली नाही. आमच्या भाषाशिक्षणाचे धोरण याहून वेगळे काय असणार?

प्रबंध कसा करावा

आता कामाचे चार शब्द. पहिले म्हणजे विषय लहान घ्यावा. 'महाराष्ट्रातील दलित विद्यार्थी आणि इंग्रजी' हा प्रबंधाचा विषय होत नाही, जाहीर सभेचा होतो. एक शाळा, एक इयत्ता, एक प्रश्न एवढे पुरे. विहीर अरुंद असली तरी चालेल, पाणी लागेपर्यंत खणली पाहिजे.

दुसरे, आधी झालेले काम वाचावे. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. आपल्या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठी बोलींचे सर्वेक्षण केले आहे. आपल्या जिल्ह्याच्या बोलीबद्दल त्यात काय आहे ते पाहावे. नसेल, तर ती आपली जागा.

तिसरे, पोरांचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे असेल तर आईबापांची संमती घ्यावी आणि त्यांना त्यांच्या भाषेत सांगावे की हे कशासाठी आहे. प्रबंधात मुलांची, शाळेची नावे बदलावीत. ज्या शिक्षिकेच्या वर्गात बसू दिले, तिला खलनायिका करू नये. त्या बाईही कोणत्या तरी शिकवणुकीतून आल्या आहेत. आपली वस्ती हे संग्रहालय नाही आणि आपण तिथे पाहुणे नाही, हे विसरू नये. मुद्रण ऐकून शब्दन् शब्द उतरवायला वेळ लागतो. एका तासाच्या बोलण्याला दिवसही पुरत नाही. तो वेळ आधीच धरून ठेवावा. अनेकांचे प्रबंध इथेच फसतात.

चौथे, मार्गदर्शकांशी भांडून विषय मिळत नाही. दोन पानांचे टिपण लिहून न्यावे. प्रश्न काय, पुरावा कुठून आणणार, तो कसा तपासणार आणि किती दिवसांत, एवढे त्यात असावे. "माझ्या समाजावर करायचे आहे" म्हटले की काही जण बिचकतात. "कॉर्डरच्या पद्धतीने दोन गटांच्या चुकांची तुलना करायची आहे" म्हटले की त्यांना नकार द्यायला शास्त्रीय कारण शोधावे लागते. ही लबाडी नाही, हीच शिस्त आहे.

पाचवे, नक्कल. गावोगाव झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रबंध मिळत असल्याचे आपण सगळे जाणतो. आता तर मोबाइलवर दोन ओळी टाकल्या की यंत्र पानेच्या पाने लिहून देते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांहून अधिक नक्कल आढळल्यास कारवाई आहे. पण कारवाईचे भय सोडा. त्या यंत्राने आपल्या वस्तीतल्या पोराला 'इस्कूल' म्हणताना ऐकलेले नाही. ते ऐकले आहे तुम्ही. जे फक्त तुमच्यापाशी आहे तेच सोडून उसने लिहायचे, तर हा खटाटोप कशाला?

शिकायच्या जागा आहेत. हैदराबादची इंग्रजी आणि परकीय भाषांची संस्था १९५८ साली सुरू झाली आणि २००७ पासून ती केंद्रीय विद्यापीठ आहे. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, मुंबई विद्यापीठात भाषाविज्ञान विभाग आहे, म्हैसूरला १९६९ पासून भारतीय भाषा संस्थान आहे. परदेशी जायचे असेल तर राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. केंद्राचीही राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, मात्र २०२२च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यासाचे विषय तिच्यातून वगळले गेले. म्हणजे आमच्या मुलाने परदेशी जाऊन शिकावे, पण आपल्या समाजाला प्रश्न विचारू नये! अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम नीट वाचावेत, आणि या अटीविरुद्ध चळवळीने आवाजही उठवत राहावे.

हे आत्ताच का?

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. त्याला पाव शतक उलटले. मराठीला आणि तिच्यासोबत पालीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचा शासन निर्णय झाला, वादळ उठले, जूनअखेर तो मागे घेतला गेला आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या सगळ्या गदारोळात अस्मितेची भाषणे पोटभर ऐकली. पण महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत बसलेल्या आपल्या पोराला या भाषांपैकी कोणती, कशी आणि किती येते, हे पुराव्यानिशी सांगणारा आवाज क्षीण होता. असे प्रबंध आमच्याकडे ढिगाने असते, तर समितीपुढे ठेवता आले असते. मोर्चा निवेदन देतो, प्रबंध पुरावा देतो. दोन्ही लागतात.

१९१५ साली चोवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध दिला. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१६ रोजी, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात त्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. समोर परदेशी प्राध्यापक आणि विद्यार्थी, हाती परदेशी भाषा आणि प्रश्न मात्र आपल्या घरचा. जातीने ज्याला वर्गाबाहेर बसवले, त्याने जातीलाच वर्गात आणून अभ्यासाच्या मेजावर ठेवले. बाबासाहेबांच्या वाटेने जाणे म्हणजे हेच नव्हे काय?

त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले, "पोरी, टिपण लिही आणि घेऊन जा मार्गदर्शकांकडे." शेवटी एक अटही घातली. प्रबंध मंजूर झाला की त्याची एक प्रत विहाराच्या कपाटात आली पाहिजे, आणि एखाद्या रविवारी वस्तीतल्या आयाबायांना तो सोप्या भाषेत समजावून सांगितला पाहिजे. ज्यांच्या लेकरांच्या चुका मोजल्या, त्यांना त्या चुकांचा अर्थ कळायला हवा.

ती हसली. म्हणाली, "सर, समजावून सांगताना मी 'इस्कूल'च म्हणेन."

म्हण. आणि प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी 'इस्कूल'बद्दल विचारले, तर 'इत्थी' आणि 'एस्क्वेला'ची उदाहरणे दे. तिसरीतल्या त्या मुलीला जे उत्तर सुचले नव्हते, ते आता तुझ्यापाशी आहे.

जय भीम.